रोज एकच बट

कोपऱ्यावरच्या तीन खुर्च्यांच्या सलूनच्या मालकाचा हात फार हलका होता. कुठलंही रडकं मूल त्याच्या खुर्चीत दहा मिनिटांत पेंगायला लागे. आया लांबून मुलांना घेऊन येत. त्याच्या स्वतःच्या मुलीचे केस मात्र दीड वर्ष कापलेले नव्हते.

तिला घरात बिट्टी म्हणत. ती साडेचार वर्षांची होती. तिला ऑटिझम आहे, हे डॉक्टरांनी आदल्या वर्षीच सांगितलं होतं. ती बोलायची थोडं, आणि कानाजवळ कात्री वाजली की घर डोक्यावर घ्यायची. केस डोळ्यांत जाऊन तिचे डोळे दोनदा सुजले, तेव्हा डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "केस कापा. पुन्हा असं झालं तर डोळ्याला इजा होईल."

दर दुसऱ्या मंगळवारी येणारे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, "काय मालक, पोरीसाठी दुसरा कारागीर शोधू का?"

"शोधा. मान सरळ ठेवा."

त्याच आठवड्यात, दुपारी बिट्टी झोपलेली असताना त्याने कात्री काढली. डावी बाजू सुरेख झाली. उजवीकडे वळला आणि ती जागी झाली.

त्या दिवसापासून बिट्टी पलंगावर झोपेनाशी झाली. भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात डोक्यावर ठेवून बसल्या बसल्या झोपायची. बाप घरात आला की टेबलाखाली जायची.

"तुम्ही चोरी केलीत," बायको म्हणाली. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करायची आणि शब्द मोजून वापरायची.

"आपल्याच मुलीचे केस आहेत."

"डोकं तिचं आहे."

बिट्टीच्या थेरपिस्ट बाईंनी वेगळं काही सांगितलं नाही. "आधी सांगायचं, मग करायचं. सांगितलं तेवढंच करायचं. तिने थांब म्हटलं की थांबायचं."

"धंद्यात असं चालत नाही, बाई."

"मग दुकान उघडायच्या आधी करा."

बायकोने पुठ्ठ्याची चार कार्डं केली. खुर्ची, कंगवा, कात्री आणि झालं की मारायची उडी. कात्रीच्या कार्डावर तिने एकच बट काढली. रोज सकाळी साडेआठला, शटर अर्धं उघडून, रेडिओ आणि पंखा बंद ठेवून, तिघं सलूनमध्ये जात. पहिले सहा दिवस बिट्टी फक्त खुर्चीला हात लावून घरी गेली. मग ती बसली. मग कंगवा आला, तोही आधी बापाच्या डोक्यावर. कात्रीसुद्धा आधी त्याच्याच डोक्यावर. रोज एक बट, आरशात न बघता, कारण बघायचं बिट्टीकडे होतं.

पंधरा दिवसांनी पोस्टमास्तरांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तुमचे केस कोण कापतं हो? मला त्याच्याकडे जायचं नाहीये."

एकविसाव्या दिवशी बिट्टीने कात्रीचं कार्ड उचलून बापाच्या हातात ठेवलं. त्याने तिच्या कपाळावरची एक बट धरली आणि कापली. ती रडली नाही. पुढची बट समोरच होती. बावीस वर्षांच्या सवयीने त्याचा हात पुन्हा वर गेला.

"झालं," बिट्टी म्हणाली.

हात तिथेच थांबला. त्याने कात्री खाली ठेवली आणि उडीचं कार्ड पुढे केलं. बिट्टीने उडी मारली. त्या दिवशी ती घरी पलंगावर झोपली.

राहिलेली उजवी बाजू कापायला चव्वेचाळीस दिवस लागले. "अर्ध्या डोक्यावरून गाय चरून गेल्यासारखी दिसते माझी नात," त्याची आई म्हणायची, "आणि बाप म्हणे कारागीर!" डोळे मात्र पुन्हा सुजले नाहीत.

शेवटची बट कापून त्याने कात्री पुसली आणि बायकोला म्हणाला, "सुटलो."

दुसऱ्या दिवशी साडेआठला बिट्टी कार्डं घेऊन दारात उभी होती. कापायला काही उरलं नव्हतं. त्याने तिला तसं समजावून सांगितलं. तिने कात्रीचं कार्ड त्याच्या हातात ठेवलं आणि मान सरळ केली.

त्याने तिच्या कानाजवळ हवेत एकदा कात्री वाजवली.

"झालं," बिट्टी म्हणाली आणि उडी मारली.

आता ते सलून रोज असंच उघडतं. पोस्टमास्तर लवकर आलेच तर बाहेर थांबतात. पहिला नंबर लागलेला असतो, हे त्यांना माहीत आहे.