विमानाला भंडारा

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांचं आयुष्य मंद्रूपला मेंढरं राखण्यात गेलं. आता त्या सोलापुरात आमच्याजवळ असतात. नणंदेचं पहिलं बाळंतपण दुबईत होणार होतं आणि तिथं जायला आत्या लगेच तयार झाल्या. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, शेंगाचटणी, सुती धडुती. माझ्या यादीतल्या सगळ्या ओळींवर काट मारून झाली. मग आत्यांनी विचारलं, "इमानाला भंडारा कुटं लावायचा?"

कुठल्याही गाडीत पहिल्यांदा बसण्याआधी आत्या तिच्या पत्र्याला हळदीचा भंडारा लावतात. एसटी असो, नाहीतर दिरांचा टेम्पो. विमानतळावर तसं कुणी करू देणार नाही, असं मी स्पष्ट सांगितलं.

"मग मी न्हाय जायाची. लेकीला म्हणावं, बिरोबा हाय."

नणंद फोनवर रडली. तिकडं तिच्या उशाशी बसायला दुसरं कुणीच नव्हतं.

मी हातावर हात ठेवून बसणाऱ्यातली नाही. कोकणात एका आडबाजूच्या किनाऱ्यावर जुनं, लहानसं विमान पडून आहे, असं ऑफिसात ऐकलं होतं. त्याला भंडारा लावताना कुणी अडवणार नव्हतं. शनिवारी निघायचं ठरवलं.

"पडलेलं विमान दाखवून आईला विमानात बसवणार? धन्य आहेस," नवरा म्हणाला.

"गाडीच्या चाकांत हवा भरून आणा," मी म्हणाले.

विमान वाळूत अर्धं रुतलं होतं. पंख एकच उरलेला, खिडक्यांना काचा नाहीत, आत खेकड्यांचा संसार. मेंढराची बरगडी चाचपावी तसा आत्यांनी त्याच्यावरून तळवा फिरवला.

"लई पातळ की गं हे. आपल्या पिठाच्या डब्याचा पत्रा ह्याच्यापरास जाड हाय."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी समुद्राकडे पाहिलं.

बाजूला खडकावर एक बाई कालवं काढत होती. आत्या सरळ तिच्याकडे गेल्या.

"बाई, ह्यातल्या माणसांचं काय झालं?"

"दोघे होते. चलत भायर इले. माझ्या सासयेन तेंका पेज घातल्यान."

"जेवली?"

"तर! परत मागून घेतल्यानी."

"जेवली म्हंजी धड हुती," आत्या म्हणाल्या आणि त्यांनी कनवटीची पुडी सोडली. विमानाच्या नाकाला, उरलेल्या पंखाला, मोडल्या बाजूलासुद्धा भंडारा लावला. मग त्याला बजावलं, "तुज्या भावकीतल्या एकात बसणार हाय मी. त्याला सांगून ठेव."

"आई, असं चालतं?" नवऱ्यानं विचारलं.

"म्होरक्या मेंढ्याला लावला की समद्या कळपाला पावतो. तुला कुटनं ठावं असणार? तू शाळंत गेलास."

पुडीत चिमूटभर उरला होता. तो त्यांनी पुन्हा घट्ट बांधला आणि पुडी माझ्या हातात दिली.

"बॅगंत नीट ठेव. लेकराच्या कपाळाला लागंल. तितं कुटं मिळायचा?"