तात्यांची उशिरा पडणारी थाप

"गेमवाल्यांनी पेडणेकराला टॉवरमध्ये फ्लॅट दिला. अकराव्या मजल्यावर!" आमच्या नाक्यावरची सोनूबाई सुरमई कापताना हे सांगते, आणि तुकड्यागणिक फ्लॅट एक मजला वर चढतो. गिऱ्हाईक पिशवी उचलेपर्यंत तो अठराव्यावर पोचलेला असतो. शेवटी नाक उडवून, "म्हणून तर आता ढोलकीला हात लावत नाही. माज आला, माज!"

सगळं खोटं. तुळशीदास पेडणेकर, म्हणजे आमचे तात्या, लालबागला आमच्याच चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहतात, नळाला लागून. गेमवाल्यांनी त्यांना एकदाच एक चेक दिला आणि एक टी-शर्ट दिला. टी-शर्टवर 'दणका' असं लिहिलंय. तो इतका मोठा आहे की आत दोन तात्या मावतील. ते तो झोपताना घालतात.

मी सगळ्यांच्या नकला करते. सोनूबाईची करते, शाळेतल्या बाईंची करते, तात्यांची तर पाठच आहे. पण त्यांची ढोलकी तोंडाने काढायला मला दोन वर्षं लागली. कारण त्यांची मोठी थाप जिथे यायला हवी तिथे येत नाही. अर्धा श्वास उशिरा येते. तुम्ही वाट बघता, गेली वाटतं, आणि मग धुम्!

यात जादू नाही, काम आहे. एकतीस वर्षं परळच्या कारखान्यातून आमच्या मंडळाची गणपतीची मूर्ती ट्रॉलीवरून येते, आणि ट्रॉलीच्या तोंडाशी तात्या. आयुष्यभर हॉस्पिटलच्या लिनन रूममध्ये चादरी मोजल्या, पण आगमनाच्या दिवशी कधी ड्युटी घेतली नाही. ट्रॉली चाळीसजण ढकलतात. तात्या उलटे चालतात आणि त्यांचे पाय बघतात. पाय जमिनीला टेकला की थाप. चढ आला, पाय जड झाले, की थापही थांबते. म्हणून चाळीसजणांचा जोर एका वेळी लागतो.

"मी वाजवणंय नाय गो," तात्या म्हणायचे. "ते चलतत, मी फकस्त त्यांका ऐकवतंय."

तीन वर्षांपूर्वी 'दणका' नावाचा गेम आला. मोबाईलवर वरून मोदक पडतात, रेषेवर आले की बरोबर त्या क्षणी बोट मारायचं. जमलं तर 'परफेक्ट', नाही तर 'मिस'. अख्खी मुंबई बोटं आपटायला लागली. मग काय, सहा महिन्यांत तसलेच चार गेम निघाले, कुणाचा ताशा, कुणाचा गरबा, कुणाचं लेझीम. प्रत्येक नवा ताल उघडायला पैसे, मध्ये मध्ये जाहिराती. लालबाग-परळमध्ये ज्याच्या गळ्यात ढोलकी, त्याच्यामागे रेकॉर्डर घेतलेला एक पोरगा. 'दणका'वाल्यांचा पोरगा निमेश. गॉगल डोक्यावर, मराठी तोंडातल्या तोंडात.

"काका, आपल्याला एकदम ऑथेंटिक पाहिजे. रॉ. मातीतला फील."

लोअर परळच्या काचेच्या ऑफिसात तात्यांना हेडफोन लावून बसवलं. मी सोबत होते. तात्यांचा हात उठला तो उठलेलाच.

"काय झालं, काका?"

"कोणीतरी चलात रे समोरसून. पाय दिसल्याबिगर माझो हात पडणा नाय."

शेवटी निमेशच त्या काचेच्या खोलीत, पांढरे बूट घालून, भिंतीपासून भिंतीपर्यंत तासभर चालला. आणि तात्यांनी वाजवलं. आहाहा! निमेश घामाघूम, पण खूश. "सुपर्ब, काका!"

दोन महिन्यांनी गेममध्ये तात्यांच्या तालाची 'लालबाग लेव्हल' आली. ती मी बाबांच्या फोनवर पैसे भरून उघडली आणि तात्यांच्या कानाला लावली. ते बराच वेळ ऐकत राहिले.

"वाजवता तो मीच," ते म्हणाले. "पण ह्यो मी नाय."

निमेशला फोन केला तर तो हसत म्हणाला, "काका, तुमची ती मोठी बीट लेट येत होती ना, ती आम्ही फिक्स केली. युजर मिस करतो ना. डोंट वरी!"

पुढच्या वर्षी आमच्या मंडळाची स्पॉन्सर तीच कंपनी. त्यांची अट एकच: लालबाग लेव्हलवर ज्याचा स्कोअर सगळ्यात जास्त, तो ट्रॉलीसमोर वाजवणार. जाहिरातीसाठी शूटिंग होणार होतं. मंडळाचा सेक्रेटरी सुशांत तात्यांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "तात्या, लेव्हलच तुमची! नुसती फॉर्मॅलिटी ओ."

मंडपात मोठा स्क्रीन लावला. तात्या धोतर नेसून आले, आगमनाला नेसतात तेच. मोदक पडायला लागले. बारीक थापा सगळ्या परफेक्ट. मोठी थाप आली, तात्या थांबले, अर्धा श्वास, आणि बोट मारलं. मिस. पुन्हा मिस. मिस, मिस, मिस. प्रत्येक वेळी गेममधून एक बाई खिदळायची. पोरं पण खिदळली. स्वतःच्याच तालात तात्या एकोणिसावे आले.

त्या वर्षी ट्रॉलीसमोर पहिला आलेला लोअर परळचा सौमित्र होता. चांगला वाजवतो, गेमसारखा. पुलाच्या चढावर ट्रॉली तीनदा अडली, कुणाचा पाय कुठे, कुणाचा कुठे. तात्या फुटपाथवर उभे होते. त्यांचा हात छातीशी, हवेत, दर पावलाला हलत होता. त्यांच्या बायकोने, सुभद्राकाकींनी, तो धरून खाली केला.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारात. "मनवा, तो गेम माझ्या मोबाईलात घाल."

"कशाला?"

"पुढल्या वर्साक माकाच वाजवूचा आसा."

मला हसू आलं. म्हटलं, "तात्या, तुमच्याने नाही होणार. तुमची थाप सरळ पडूच शकत नाही. पैज!"

"आणि पडली तर?"

"तर तुम्ही सांगाल ते."

"मगे माझ्यासमोर गॅलरीत चलूचा. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, ट्रॉली ढकलल्यासारख्या. घरात कोण चलणा नाय माझ्यासाठी."

कबूल म्हटलं. मी तर खुशीत होते, कारण मला वाटलं हरायचा प्रश्नच नाही.

वर्षभर आमच्या भिंतीपलीकडून ती खिदळणारी बाई ऐकू यायची, आणि काकी. "जेवाण निवला! त्या मोबाईलात काय पुरून ठेवलास?" नळावर पाण्याची बादली भरत असायची आणि तात्यांची बोटं कठड्यावर. टक, टक, टक. ढोलकी कपाटावर, वर पिशवी. तेव्हाच सोनूबाईचा फ्लॅट वर चढायला लागला.

हळूहळू बाईचं खिदळणं कमी झालं. मग बंद झालं.

यंदा मंडपात तात्यांनी एकही मोदक सोडला नाही. पहिला नंबर. सुशांतने उचलून घेतलं, निमेशने पेढा भरवला. जागा परत मिळाली. तात्या माझ्याकडे बघून ओरडले, "मनवा! हरलंस गो!"

संध्याकाळी मी पैज फेडायला गेले. काकींनी गॅलरीतल्या चपला बाजूला सारल्या, तात्या ढोलकी मांडीवर घेऊन बसले. मी चालायला लागले, ट्रॉली ढकलणाऱ्यासारखी, मान खाली, खांदा पुढे. थाप पायाबरोबर पडली. मी पाऊल जरा लांबवलं. थाप आधीच पडून गेली. मग मी एक पाय उचलून हवेत तसाच धरला, पुलाच्या चढावर धरतात तसा, आणि थांबले.

धुम्. धुम्. धुम्.

तात्यांचे डोळे मिटलेले होते. मी पाय टेकवला.