वाळवी, मालगाडी आणि दोन बायबलं

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही, राव. एखादं साधं काम काढायचं, त्यात पाच-सहा माणसं घालायची आणि प्रत्येकाला मत विचारायचं. काम राहतं बाजूला, किस्से मात्र ढिगानं साठतात! आमचं काम तर अगदीच साधं होतं. चर्चसाठी बायबल घ्यायचं होतं. एक!

पिंपरीला औषधाचा कारखाना नुकता सुरू झाला होता, त्या दिवसांतली ही गोष्ट. नगरकडची आमची बरीच ख्रिस्ती कुटुंबं कामासाठी इकडं आली होती. चर्च बांधायची ऐपत नव्हती, म्हणून चिंचवड स्टेशनजवळ, रुळांच्या कडेला, एका पत्र्याच्या शेडमध्ये रविवारची उपासना चालायची. तिथल्या टेबलावरच्या मोठ्या बायबलला एका पावसाळ्यात वाळवी लागली. पहिल्या पानापासून सुरुवात करून ती थेट ग्रंथाच्या मध्यावरच्या स्तोत्रांपर्यंत पोचली होती.

आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, पानं उलटत म्हणाले, "आपल्यापैकी कुणी एका पावसाळ्यात एवढं वाचलंय का?"



मग पाळकसाहेब पुण्याहून सायकलवर दोन प्रती घेऊन आले. एक जुन्या भाषांतराची, भारदस्त, संस्कृत शब्दांनी भरलेली. दुसरी नव्या भाषांतराची, आपण घरात बोलतो तशा भाषेतली. दोन्ही वाचून बघायच्या, एक ठेवायची, एक परत करायची. वाचायला सोपं हवं, आणि मुळाला धरूनही हवं. मी शाळामास्तर, म्हणून मोठ्यानं वाचायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

* * *

पहिली अडचण काढली इस्राएलभाऊंनी. ते यंत्रांच्या एका कारखान्यात इन्स्पेक्टर होते. तयार झालेला पार्ट ड्रॉइंगशी ताडून बघायचा आणि जरा फरक दिसला की रिजेक्ट करायचा, हेच त्यांचं दिवसभराचं काम.

"दोन पार्ट समोर आहेत," ते म्हणाले. "दोन्हींत फरक आहे. ड्रॉइंग कुठंय?"

"ड्रॉइंग म्हणजे मूळ ग्रंथ. तो बराचसा हिब्रूत आहे," पाळकसाहेब म्हणाले.

"मग हिब्रू येणारा माणूस बोलवा."

"मी शिकलो होतो की कॉलेजात!"

इस्राएलभाऊंनी लगेच खुर्ची पुढं ओढली. पाळकसाहेबांनी डोळे मिटले, बराच वेळ आठवलं. शेवटी म्हणाले, "पेपर फार अवघड होता, एवढं आठवतंय."

* * *

मग मी सुचवलं, की आपल्या बाहेरच्या, निःपक्षपाती माणसाला वाचून दाखवू. शेडचे मालक नाना हे चिंचवड गावातले जुने शेतकरी. ते आनंदानं येऊन बसले. मी नव्या भाषांतरातून पेरणाऱ्याचा दाखला, म्हणजे येशूनं सांगितलेली बोधकथा, वाचला. एक माणूस बी पेरायला निघतो. काही बी वाटेवर पडतं, काही खडकावर, काही काटेरी झुडपांत, आणि थोडं चांगल्या जमिनीत.

नानांनी शेवटपर्यंत कान देऊन ऐकलं.

"कळलं का नाना?" मी विचारलं.

"व्हय, समदं कळलं."

"भाषांतर कसं वाटलं?"

"भाषांतर ब्येस हाय मास्तर," नाना उठत म्हणाले. "पर ह्या गड्याच्या हातात पुन्यांदा बियाणं देऊ नगा!"

* * *

आमची शेड रुळांना इतकी खेटून होती, की मालगाडी आली की पत्रे थरथरायचे आणि माझं वाचन त्यात बुडून जायचं. मी तसाच वाचत राहायचो. इतक्या दिवसांत कुणाची एकदाही तक्रार आली नव्हती.

नवं भाषांतर वाचायला घेतलं त्या पहिल्याच रविवारी मालगाडी आली. डबे संपता संपत नव्हते. ती गेली, मी पुस्तक मिटलं, तोच मागच्या बाकावरून आवाज आला, "मास्तर, मालगाडीत गेलं तेवढं परत वाचा!"

मी चाटच पडलो. मास्तरकीच्या आयुष्यात मला "परत वाचा" असं कुणी म्हणालं नव्हतं. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

* * *

आता मार्थाबाई. या सुईण. आमच्या चाळीतल्या अर्ध्या पोरांना यांनीच जगात आणलेलं, त्यामुळे त्यांच्यापुढं कुणाची टाप नव्हती. नळावरून त्यांचं शेजारणीशी वाजलेलं होतं आणि दोघी एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या. त्या आठवड्यात मी नव्यातून वाचलं, की देवापुढं दान ठेवायला आलास आणि कुणाशी बिनसल्याचं आठवलं, तर आधी जाऊन समेट कर.

मार्थाबाई माझ्यावर डोळे वटारूनच बसल्या. उपासना संपल्यावर त्यांनी मला दारात गाठलं.

"हे नवीन घातलंय का?"

"नाही हो बाई. जुन्यातही आहे. तुम्ही लहानपणापासून ऐकताय."

"मग माझं मत जुन्याला!" त्या म्हणाल्या. "त्यात कळत नव्हतं, म्हणून मनाला लागत नव्हतं."

* * *

खरा घोळ होता तो शमुवेलदादा आणि भास्करराव या, चर्चचा कारभार बघणाऱ्या दोन पंचांचा. सख्खे भाऊ! शमुवेलदादा थोरले, एका कारखान्याच्या गेटवर पहारेकरी. भास्करराव धाकटे. गावाकडची बापाची विहीर बापाच्या अखेरच्या दिवसांत धाकट्याच्या एकट्याच्या नावावर झाली, तेव्हापासून दोघांत अबोला. बैठकीला एकाच बाकाच्या दोन टोकांना बसायचे आणि मध्ये मी.

"मास्तर, त्यांना सांगा, खिडकी लावा."

"मास्तर, त्यांना सांगा, कडी त्यांच्या बाजूला हाय."

मी उठून खिडकी लावायचो.

भास्कररावांच्या मुलीचं, रूथचं, लग्न ठरलं होतं. घरातल्या थोरल्यानं मुलीच्या डोक्यावर हात ठेवायचा, ही त्यांच्याकडची रीत. रूथ स्वतः चुलत्याच्या पाया पडून आली. दादांनी पोरीला जवळ घेतलं, गूळ दिला आणि म्हणाले, "तू माझी लेकच हायेस. पर त्याच्या मांडवात मी पाय ठेवणार न्हाई." पोर रडत घरी गेली. आम्हा सगळ्यांनाच वाईट वाटलं.

बायबलाच्या बाबतीत शमुवेलदादा जुन्याच्या बाजूचे. "देव आपल्यासारखंच बोलाय लागला, तर त्याला भिणार कोण?" आणि दादा जुन्याच्या बाजूला, एवढ्याच कारणानं भास्करराव नव्याच्या बाजूला!

* * *

शेवटची बैठक लग्नाच्या आदल्या रविवारी होती. सगळ्यांनी हात वर करून मत द्यायचं आणि एक प्रत ठरवायची, असं ठरलं होतं. पाळकसाहेबांनी याकोब आणि एसाव यांची गोष्ट वाचायला सांगितली. मुद्दाम सांगितली की काय, देव जाणे! याकोब धाकटा. थोरल्या एसावाला फसवून त्यानं बापाचा आशीर्वाद लाटला आणि पळून गेला. पुष्कळ वर्षांनी तो बायकापोरांसह परत येतो, आणि समोरून एसाव माणसांची फौज घेऊन येताना दिसतो.

आधी जुन्यातून वाचलं. शमुवेलदादांनी छान डुलकी काढली. मग नव्यातून. एसाव याकोबाला बघून धावत सुटतो, इथंवर आलो आणि चहा आला. मी पुस्तक खाली ठेवलं.

"पुढं?" शमुवेलदादा एकदम म्हणाले. "मारला का न्हाई त्यानं?"

"दादा, ही गोष्ट तुम्ही जन्मभर ऐकताय!"

"मी आपला जुन्या शब्दांचा नाद ऐकत व्हतो. गोष्ट आज ऐकतोय. वाचा पुढं!"

मी वाचलं. एसाव धावत गेला, भावाला मिठी मारली, आणि दोघं रडले.

"खोटं!" दादा उठून उभे राहिले. "एवढं फसवल्यावर असं कोण करतं? हे भाषांतरवाल्यानं पदरचं घातलंय. जुनं काढा!"

मी जुनं काढलं. तिथंही थोरला धावतच होता. दादांनी त्या ओळीवर बोट ठेवून ती स्वतः वाचली, मग पुन्हा वाचली. चहा निवून गेला.

"नवं घ्या," ते खाली बसत म्हणाले.

आणि त्याच क्षणी भास्कररावांनी सवयीनं जुन्यासाठी हात वर केला! समसमान मतं पडली, म्हणून पाळकसाहेबांनी आपलं मत नव्याला दिलं आणि बैठक आटोपली.

लग्नाच्या दिवशी शेडपुढं मांडव घातला होता. नवं बायबल टेबलावर होतं. वऱ्हाड जमलं, पण भास्कररावांचं लक्ष कशातच नव्हतं. ते सारखे मांडवाच्या तोंडाशी येऊन रस्त्याकडं बघत होते. एवढ्यात रेल्वेच्या फाटकापाशी शमुवेलदादा दिसले. धुवट धोतर, डोक्याला कोरा फेटा, आणि फेंगडी चाल.

भास्करराव तसेच अनवाणी पुढं निघाले.

"ए भास्कर!" दादा लांबूनच कडाडले. "तिथंच थांब! एक पाऊल हलशील तर बघ!"

मार्थाबाईंनी छातीवर हात ठेवला. भास्करराव जागच्या जागी उभे.

दादांनी धोतराचा सोगा वर खोचला, फेटा काढून काखेत मारला आणि ओरडले, "पळायचं काम थोरल्याचं हाय!"