नवरदेव जसा घोड्यावर

उखाणे रचण्यात माझा हात धरणारी वरवट बकालमध्ये कुणी नव्हती. म्हणूनच शेजारच्या शिंप्याचं जे वाटोळं मी एका उखाण्यात केलं, ते दुसऱ्या कुणाला जमलं नसतं.

आणीबाणीतली संक्रांत होती. मी नवी सून, सातवी पास, म्हणजे स्वतःच्या मते साक्षात सरस्वती. हळदीकुंकवाला बायांनी नाव घ्यायला लावलं. बाकीच्यांनी त्याच त्या चांदीच्या वाट्या आणि सोन्याचे चमचे काढले. मला ताजं काहीतरी हवं होतं.

‘जीपगाडीत शिंपी बसला, नवरदेव जसा घोड्यावर,
यांचं नाव घेते मी हळदीकुंकवाच्या ओट्यावर.’

(‘यांचं’च्या जागी नाव होतं. हे आता नाहीत. त्यांना या भानगडीत ओढत नाही.)

बाया हसून लोळल्या. "पुन्हा घे वं," म्हणाल्या. मी पुन्हा घेतला.

आता खरं काय ते सांगते. त्याच्या आधीच्या बाजाराच्या दिवशी नसबंदीवाल्यांची जीप आली होती. दोघांनी शिंप्याला मशीनवरून उचललं. गळ्यात टेप तशीच लोंबत होती, एक चप्पल मशीनखाली राहिली. त्याच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. "मले लेकरू नाही हो साहेब," असं तो ओरडत होता. मी समोर कासाराकडे बांगड्या भरत होते. सगळं पाहिलं, आणि घरी जाऊन यमक शोधलं.

त्याची बायको त्या दिवशी ओट्याच्या कोपऱ्यात तिळगूळ मुठीत धरून बसली होती. मान खाली, खांदे हलत होते. मला वाटलं, हसते आहे. इतकी मी हुशार.

उखाणा गावभर झाला. जीपबद्दल बोलायला लोक घाबरत, उखाणा म्हणायला कोण घाबरणार? पुढे सरकार पडलं, आणि बुलढाण्याहून एक वकील जबान्या घ्यायला आला. दवाखान्याच्या कागदावर ‘स्वखुशीने’ असं होतं. आपल्याला बळजबरीनं नेलं एवढं कुठंतरी लिहिलं जावं, इतकंच शिंप्याला हवं होतं.

वकिलानं चावडीत विचारलं, "हा आपणहून गेला की नेला?"

"गेला ना साहेब," एक म्हातारा म्हणाला, "नवरदेवावानी गेला." सगळे हसले. तो खोटं बोलत नव्हता. बाजाराच्या दिवशी तो गावातच नव्हता. त्यानं जे ऐकलं होतं, ते सांगितलं.

मी उठले. सासरे समोर होते, पदर डोक्यावर ओढला. "मी पाह्यलं," म्हटलं. "त्यायले उचलून नेलं. ते रडत होते."

"मग हे नवरदेवाचं कुठून निघालं?" वकिलानं विचारलं.

"माह्या तोंडातून."

 मग त्यानं माझंही लिहून घेतलं, म्हाताऱ्याचंही.

संध्याकाळी विहिरीवर शिंप्याची बायको भेटली. आता ती माझे हात धरेल, असं मला, देवाशप्पथ, वाटलं होतं. तिनं आधी घागर भरून घेतली, आणि मग म्हणाली, "वकिलाले सांगतलं ते बरं केलं, वहिनी. पन हासल्या तं बाया होत्या. त्यायले कधी सांगसान?"