व्हर्लिन हॉस्टेटरला बंदूक नाकारली

हरणांच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आला की मर्लच्या बंदुकीच्या दुकानात पाय ठेवायला जागा उरत नाही. बंदूक विकण्याआधी गिऱ्हाइकाच्या नावावर गुन्हा आहे का, ते सरकारी कचेरीत फोन करून विचारावं लागतं. त्या गर्दीतच मर्लने तो फोन खाली ठेवला आणि काउंटरवरून पुढे वाकून म्हणाला, "व्हर्लिन, वरून नकार आलाय रे."

हळूच म्हणाला बिचारा, पण असल्या बातमीला पाय फुटायला कितीसा वेळ लागतो?

व्हर्लिन म्हणजे चर्चमध्ये दानाची थाळी फिरवणारा, गावातल्या पोरांना बंदूक कशी धरावी ते फुकट शिकवणारा माणूस. आमच्या डोंगरात नकार कुणाला येतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं: चोराला, नशेबाजाला, नाहीतर बायकोवर हात उचलणाऱ्याला. व्हर्लिन चोर नव्हे, बिअरलाही शिवत नाही. मग राहिलं काय? रविवारी त्याची बायको आर्लिन चर्चमध्ये आली, तेव्हा बायका बोलत होत्या तिच्याशी आणि पाहत होत्या तिच्या मनगटांकडे. व्हर्लिनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तोंड लपवून काय बसलायस?" मर्लने त्याला झापलं. "नकार का दिला ते विचारायचा हक्क आहे तुला. त्यांना सांगावंच लागतं. नोंद चुकीची असेल तर बोटांचे ठसे पाठव, अपील कर. तरी ऐकलं नाही तर कोर्ट आहे."

"ठसे? म्हणजे शेरिफच्या ऑफिसात जाऊ? गुन्हेगारासारखा?"

"नको जाऊस. बस घरी, अब्रू कुरवाळत."

व्हर्लिनने पत्र लिहून विचारलं, आणि उत्तर आलं: बायकोला मारहाण, शिक्षा झालेली, याच जिल्ह्यात. वाचून तो आधी चिडला आणि मग तरातरा शेरिफच्या ऑफिसात गेला. तिथली पेगी त्याचं एकेक बोट शाईत दाबत होती. जुनी केस तिने आधीच काढून पाहिली होती.

"हे तुम्ही नाहीच, मिस्टर हॉस्टेटर," ती मान वर न करता म्हणाली. "हा तुमचा ज्युनियर. नाव तेच, पत्ता तोच. कुणीतरी जन्मतारीख तुमची टाकली. ठसे गेले की तुम्ही सुटलात."

थोरल्याला बापाचं नाव ठेवायची आमच्याकडे भारी हौस. ज्युनियर आणि त्याची बायको कार्ला तेव्हा व्हर्लिनच्याच परसात, चाकांवरच्या घरात राहायची. एक दिवस कार्ला निघून गेली. नवरा मारतो, असं तिने चर्चमध्ये सांगितलं. तेव्हा हाच व्हर्लिन सगळ्यांदेखत उभा राहून म्हणाला होता, "पोरगी खोटारडी आहे. हॉस्टेटर बायकांवर हात उचलत नाहीत." लोकांनी त्याचं ऐकलं. कार्लाशी बोलणं टाकलं सगळ्यांनी. कोर्टात जाऊन आलेला ज्युनियर बापाला म्हणाला, गाडी जोरात चालवली म्हणून दंड झाला. आणि पुढे तेलाच्या विहिरींवर कामाला निघून गेला. बापाने जास्त विचारलं नाही. हात पुसायला पेगीने कागद पुढे केला, तेव्हा व्हर्लिनला तिच्याकडे बघवेना.

अपील मंजूर झालं. मर्लने मुद्दाम भर दुकानात पुन्हा फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "होकार! मी सांगत नव्हतो? कुणाचं तरी पाप आपल्या व्हर्लिनच्या माथी मारलं होतं."

माणसं पुढे आली, पाठीवर थापा पडल्या. कुणीतरी कॉफी आणून दिली. नाव धुऊन निघालं होतं. बंदूक उचलायची आणि घरी जायचं, एवढंच उरलं होतं. आणि जावं असं त्याला फार वाटलं, खोटं कशाला बोला.

"कुणाचं तरी नाही," व्हर्लिन म्हणाला. "माझ्या ज्युनियरचं. कार्ला खरं सांगत होती."

थापा मारणारे हात खाली आले. मर्लच शेवटी म्हणाला, "असेल बाबा. पण तुला काय ठाऊक असणार, गड्या?"

"ती ओरडत होती ना, तेव्हा मी घरातच होतो. मॅच बघत होतो." व्हर्लिनने कॉफीचा कप काउंटरवर ठेवला. "मॅचमधलं काही ऐकू येईना, म्हणून मी टीव्हीचा आवाज वाढवला."