बायडाबाईंची पलंगाखालची बॅटरी

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या जोतीराम वायरिंगवाल्याला गाडीचं दुखणं सांगावं लागत नसे. नुसता हॉर्न ऐकून म्हणायचा, "डायनामो बसलाय." आणि तो बसलेलाच असायचा! पण अठ्ठ्याण्णव साली गारगोटीच्या हंबीररावांच्या मेटाडोरनं त्याला पार घाम फोडला.

हंबीरराव एसटीतले रिटायर ड्रायव्हर. बायडाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, साठी आली तरी समुद्र म्हणून रंकाळा तलावच बघितलेला. तिला कोकणात न्यायचं म्हणून म्हाताऱ्यानं जुन्या मेटाडोरात पलंग, पंखा, ट्यूब असा संसारच मांडला. त्यासाठी दुसरी बॅटरी पलंगाखाली. इंजिन चालू झालं की पुढची भरता भरता ही पण भरायची, जोडणी जोतीरामचीच.

पण निघायच्या सकाळी इंजिन बंद केलं की पंखा गप्प! "रातभर इंजिन चालू ठिवून झोपू व्हय? पंखा फिरल्याबिगर गाडी हलायची न्हाय," म्हणत हंबीरराव गाडी पेठेत आणायचे. जोतीराम सगळं खोलून, पुसून, आवळून द्यायचा. पंखा गरागरा फिरायचा. निघायचा दिवस उजाडला की पुन्हा तेच. तीन खेपा झाल्या. रिले बदलला, केबल बदलली, बॅटरीसुद्धा नवी टाकली. छे! पेठेतल्या चेष्टेला जोतीराम भीक घालत नव्हता. पण बायडाबाई भरलेली पिशवी पोटाशी धरून म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे बाबा, माज्या नशिबातच न्हाय त्यो समुद्र," तेव्हा त्याला लई वाईट वाटलं.

चौथ्या खेपेला निघायच्या सकाळी तो स्वतःच गारगोटीला गेला. इंजिन सुरू केलं. पुढच्या बॅटरीवर मीटर दाखवतोय चौदा व्होल्ट. मागं केबलच्या क्लॅम्पवर चौदा. क्लॅम्पातल्या बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर मात्र साडेबारा! म्हणजे करंट दारापर्यंत येऊन माघारी जात होता. त्यानं क्लॅम्प उपसला. आत तेलात कालवलेल्या हळदीकुंकवाचा जाड लेप! पेठेत तीनदा त्यानं तो गंज आणि ग्रीस समजून पुसून टाकला होता.

"मावशी, ह्ये कुणाचं काम?"

"माजंच की! परवासाला निघताना पुजा नको?"

"क्लॅम्प काढून?"

"अंगठी काढल्याबिगर बोटाला हळद लागती व्हय? धा नंबरचा पाना हाय की माज्याकडं."

"आणि परत आवळला न्हाईसा?"

"द्येवाला आवळायचं व्हय रं?"

जोतीरामनं कपाळाला हात लावला आणि चाचरत सगळं सांगितलं. बायडाबाई मटकन पलंगावर बसल्या. "म्हंजी तीनदा मीच मला अडवली?"

मग उठल्या, पदरानंच खुंट्या घासून लख्ख केल्या आणि पाना घेऊन क्लॅम्प असे आवळले की जोतीरामच म्हणाला, "बास, मावशी, मोडंल!" मीटर चढला. इंजिन बंद केलं तरी पंखा फिरत राहिला.

तेवढ्यात हंबीरराव नारळ आणि उदबत्ती घेऊन गाडीपुढं उभे राहिले. डोळे मिटले.

बायडाबाईंनी ड्रायव्हरच्या खिडकीतनं हात घालून हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. "पुजा बास झाली! नारळ समुद्राला वाहू! आदी गाडी काडा!"