बहात्तर की सत्तावीस

अप्पांना आकडा एकदाच सांगितलेला चालत नाही. कुंभकोणमजवळच्या पट्टीश्वरम्‌च्या देवळाबाहेर चपलांचं टोकन घेतानाही ते एकेक अंक वदवून घेतात आणि मागची रांग माझ्याकडे बघत राहते. माझ्या वडिलांचा हा निव्वळ हट्ट आहे, असं मी जन्मभर समजत आले आणि तसं तोंडावर बोलूनही दाखवलं.

मागच्या वर्षी त्यांनी कारण सांगितलं. लढाईच्या दिवसांत ते एका विमानतळावर वायरलेसवर होते. बॉम्बफेकी विमानांच्या सोबतीला गेलेली चार लढाऊ विमानं परतताना ढगांत वाट चुकली. कुठे वळायचं, ते अंशांत सांगणं अप्पांचं काम. दोन विमानं आली, दोन आली नाहीत. जी आली ती आपल्या आकड्यावर नव्हे, खालची नदी ओळखून आली असतील, असं अप्पांनी मनाशी धरलं. दुसऱ्याच दिवशी बदली झाली आणि विचारायचं राहून गेलं.

दिशा दाखवणाऱ्या तबकडीवर बहात्तर होते. पण पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहूनही आमची घरची भाषा मराठी, आणि मराठीत बहात्तर म्हणताना दोन आधी येतात, सत्तर मागून. तमिळमध्ये तसं नाही, इंग्रजीतही नाही.

"तोंडांतून झीरो सेव्हन टू गेला कीं झीरो टू सेव्हन, तेंच मला कळना," अप्पा म्हणाले.

कुंभकोणमात तमिळ घरात जन्मलेल्या माणसाला ही शंका शिवलीही नसती. त्यांना हट्टी म्हटल्याची मला लाज वाटली.

मी कॉलेजात भूगोल शिकवला. दिशा हा माझ्या पोटापाण्याचा विषय. पत्रं लिहिली, फोन केले. ज्यांचं माझं काही नातं नाही, अशा माणसांनी जुन्या वह्या उघडून पाहिल्या. शेवटी परत आलेल्या दोघा वैमानिकांपैकी एक सापडले. ऐंशी ओलांडलेले, कान शाबूत.

त्यांनी फोनवर सगळं सांगितलं. झटापटीत गिरक्या घेताना म्होरक्याचं होकायंत्र बिघडलं, वायरलेसही बंद पडला. त्याच्या जोडीदाराने अप्पांचा आकडा ऐकला, नियमाप्रमाणे बरोबर परत म्हटला; खरखरीत ते अप्पांपर्यंत पोचलं नसावं. पण म्होरक्याला एकटं सोडून तो वळला नाही. "मी वळलो. माझी नातवंडं त्या आवाजामुळे आहेत," ते म्हणाले. उड्डाणात टिपणासाठी गुडघ्यावर बांधलेल्या कागदाचा फोटोही त्यांनी पाठवला. पेन्सिलीने लिहिलं होतं, ०७२. त्या माणसाचे उपकार मी कधी फेडू शकणार नाही.

अप्पांनी फोटो डोळ्यांजवळ धरला. मग रडले. "पावम्, बिचारा तो पोरगा," म्हणाले. "नीट ऐकला होता, तरी सोडून आला नाहीं."

थोड्या वेळाने त्यांनी फोन लावून मागितला. स्वतःचं नावगाव काही सांगितलं नाही. घसा खाकरून फक्त म्हणाले, "झीरो सेव्हन टू."

पलीकडून तोच आकडा परत आला. अप्पांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.